विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला होता का? काय आहे 'साहेबाच्या ओट्यां'ची खरी गोष्ट

देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यात गेलात, की 'साहेबाचे ओटे' हमखास दाखवले जातात. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी याच ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियम शोधला, असे सांगितले जाते. किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. तारीख खरी आणि साहेबही खरा. फक्त त्या दिवशी साहेब इथे नव्हता.

त्या दिवशी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते पाहायला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला आले होते. लॉकियर इंग्लंडमध्येच होते. २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेषा ५८७.५ नॅनोमीटरवर होती. सोडियमच्या रेषा ५८९ आणि ५८९.६ वर येतात. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा, पण सारा शोध त्यातच आहे. ही रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव पडले. पृथ्वीवर हा वायू १८९५ मध्ये रॅम्से यांना सापडला.

मग विजयदुर्गाचा संबंध काय? लॉकियर इथे आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेल्पोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते.

युद्धनौका इथे येऊ शकली, याचे कारण हे बंदर. किल्ला वाघोटण खाडीच्या मुखाशी आहे. बाहेर समुद्र उसळत असला तरी खाडीत जहाजांना आसरा मिळतो. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला, पुढे आंग्र्यांचे आरमार इथेच नांदले. १७५६ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्रे यांची जहाजे याच बंदरात जळाली. जवळच्या गिर्ये गावात मराठा आरमाराची गोदी आजही पाहता येते. बहुतेक पर्यटक मात्र किल्ला पाहूनच परततात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत विजयदुर्ग आहे, तो लष्करी वारसा म्हणून. कोकण रेल्वेने कणकवलीला उतरून तरळेमार्गे इथे पोहोचता येते. ओट्यांजवळ १८६८ ची गोष्ट ऐकायला मिळाली, तर १८९८ च्या ग्रहणाबद्दल जरूर विचारा.