चूक बाईची की बटणाची?

दोनशे रुपये ही काही फार मोठी रक्कम नव्हे. पण बचत गटाच्या हिशोबात तेवढे कमी भरले, की जिच्या हातात पेटी तिचा जीव टांगणीला लागतो. आमच्या कोषाध्यक्ष ताई रडवेल्या होऊन घरी आल्या. कॉम्प्युटरवरच्या बेरजेपेक्षा पेटीत दोनशे कमी! गटात कुजबुज सुरू झाली होती. खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात पाल चुकचुकली.

योगायोगानं माझी भाची आली होती. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. "मावशी, कुणाचं चुकलं ते राहू दे, चूक शिरली कुठं ते बघू," म्हणाली. महिन्याच्या पावत्या 64. मी पहिलीपासून खुणा करायला बसले, तर तिनं थांबवलं. थेट 32 व्या पावतीपाशी वहीची आणि कॉम्प्युटरची बेरीज ताडून पाहिली. जुळली! म्हणजे अलीकडचं सगळं ठीक. 48 पाशी जुळेना. मग 40, 44, 42... सहाव्या खेपेला 43 वी पावती सापडली. दोनदा चढली होती. हजारो ओळींच्या प्रोग्रॅममधला बिघाडही असाच अर्धं-अर्धं करत गाठतात म्हणे.

पण ती तिथं थांबली नाही. "ताई, त्या वेळी काय काय दाबलंत?" ताईंना आठवलं, स्क्रीन अडकला होता, म्हणून 'जतन करा' पुन्हा दाबलं. भाचीनं हिशोबाची वेगळी प्रत काढून तस्संच केलं, आणि नोंद पुन्हा दोनदा चढली! एकदा दाबल्यावर बटण बंद करायला प्रोग्रॅम लिहिणारा विसरला होता.

मग तिनं ब्रिटनमधल्या टपाल खात्याची गोष्ट सांगितली. तिथं 1999 पासून गावोगावच्या पोस्टात फुजित्सू कंपनीची 'होरायझन' नावाची हिशोबाची यंत्रणा आली. तूट दिसली की ती पोस्ट चालवणाऱ्यानं भरायची. जो हॅमिल्टन या बाई खेड्यात दुकान आणि पोस्ट सांभाळायच्या. दोन हजार पौंडांची तूट दिसली म्हणून त्यांनी मदतीसाठी फोन केला. सांगितलं तसं करत गेल्या, तर तूट डोळ्यांदेखत दुप्पट! तरी दोषी त्याच ठरल्या. 2015 पर्यंत अशा नऊशेहून जास्त जणांना शिक्षा झाल्या, काहींना तुरुंगवासही.

त्याच 2015 साली स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन इथं आठ हजार पौंडांची नोंद करताना स्क्रीन हलेना, म्हणून बटण चारदा दाबलं गेलं. नोंद झाली बत्तीस हजारांची! आमच्या ताईंचंच दुखणं, नाही का?

2019 मध्ये हायकोर्टानं मान्य केलं, की यंत्रणेतल्या दोषांमुळे खोटी तूट दिसू शकत होती. हॅमिल्टनबाई 2021 मध्ये निर्दोष ठरल्या, आणि इतर शेकडो जणांच्या शिक्षा 2024 मध्ये खास कायदा करून रद्द झाल्या. मधल्या काळात कुणाची घरं गेली, कुणाचे संसार मोडले. तुम्ही काय दाबलंत, एवढं जरी कुणी वेळेवर विचारलं असतं!

आमच्या ताईंची कुजबुज करणाऱ्यांना मी बैठकीत 43 वी पावती दाखवली. मुलानं प्रोग्रॅम दुरुस्त करून दिलाय. ताई मात्र आता स्क्रीन अडकला की हात मागे घेतात, आणि वहीच्या शेवटच्या पानावर वेळ लिहून ठेवतात.