कपडे ताजे करणारे वाफेचे कपाट

न धुता कपड्यांचा वास आणि चुण्या घालवणारे कपाट दक्षिण कोरियाच्या एलजी कंपनीने २०११ मध्ये ‘स्टायलर’ या नावाने बाजारात आणले. लोकरी सूट, कोट असे वारंवार धुता न येणारे कपडे हा त्याचा मुख्य विषय.

चुणी पडते तेव्हा लोकरीच्या तंतूंमधले हायड्रोजन बंध वाकलेल्या अवस्थेत पक्के झालेले असतात. वाफेचा ओलावा आणि ऊब मिळाली की ते सैलावतात. कापड लोंबकळत असताना सुकले की सरळ अवस्थेत पुन्हा जुळतात. म्हणून स्टायलरमधला हँगरचा दांडा वाफ सुरू असताना कपडे झपाझप हलवतो. त्याने धूळही झडते. सॅमसंगने २०१८ च्या ‘एअरड्रेसर’मध्ये हेच काम हवेच्या झोतांवर सोपवले. वाळवण्यासाठी दोन्हींत हीट पंप असतो. त्याची हवा बेताचीच गरम असल्याने लोकर आटण्याची भीती कमी होते, आणि या रचनेचा खरा कस इथेच लागतो. पँटची इस्त्रीची घडी बसवायला स्टायलरच्या दाराच्या आतल्या बाजूला दाबपट्टी दिलेली असते.

यंत्र शयनगृहात उभे राहणार, म्हणून नळजोडणी टाळली आहे: तळाशी दोन टाक्या, एक स्वच्छ पाण्याची, दुसरी निथळलेल्या पाण्याची. स्टायलरच्या अरुंद नमुन्याची रुंदी जेमतेम ४५ सेंटिमीटर. काही नमुन्यांचे दार आरशाचे असते.

तेलाचे किंवा हळदीचे डाग मात्र वाफेने निघत नाहीत. ते कपडे धुवावेच लागतात.