गाळ कुठला, कुणाचा?

पनवेलच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी चिखलात काठी खुपसून बाहेर काढा. वर तपकिरी पातळ साय, खाली काळाकुट्ट गाळ आणि सोबत सडक्या अंड्याचा वास. तोच गाळ कागदावर पसरून ठेवला तर हवेने त्याचा काळेपणा हळूहळू उतरतो.

हा वास आला की आपण सांडपाण्याला बोल लावून मोकळे होतो. पण सांडपाण्याचा थेंबही न शिवलेल्या तिवरांच्या चिखलातही तो येतोच. समुद्राच्या लिटरभर पाण्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असते. चिखलातला ऑक्सिजन काही मिलिमीटरांतच संपतो. मग जिवाणू सडका पालापाचोळा पचवताना सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून आलेल्या आपल्या मातीत लोह मुबलक. त्याच्याशी संयोग होऊन काळे लोह सल्फाइड बनते. शहरातल्या वडाळे तलावासारख्या गोड्या पाण्यात सल्फेट जेमतेमच. तिथे तळाचे काम दुसऱ्याच जिवाणूंकडे जाते आणि बुडबुडे येतात ते मिथेनचे.

गाळात सडणारा हा माल मुळात आला कुठून? शेवाळात प्रथिने जास्त, म्हणून नायट्रोजनच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण सहा-सात अणू. पानालाकडात सेल्युलोज आणि लिग्निन; तिथे हेच प्रमाण विसाच्या वर जाते. मात्र या एकाच आकड्यावर विसंबू नये. गाळ जुना होताना नायट्रोजन कमीजास्त होतो, चिकणमातीही त्यातला थोडा धरून ठेवते. कार्बनच्या समस्थानिकांचीही इथे पंचाईत होते, कारण भात आणि तिवर दोघेही एकाच पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात आणि त्यांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. काठावर भातखाचरे आणि खाडीत कांदळवन, अशा पनवेलमध्ये म्हणूनच रेणू ओळखावे लागतात. कांदळाच्या पानांतले टॅराक्सेरॉल गाळात दीर्घकाळ टिकते. माणसाच्या आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलपासून कोप्रोस्टॅनॉल बनवतात. ते गाळात भरपूर सापडले, की मैलापाणी आले हे उघड. खाडीच्या दुर्गंधीवरून वाद घालण्यापेक्षा ही तपासणी मला जास्त भरवशाची वाटते.

पानांवरच्या मेणातले लांब साखळ्यांचे हायड्रोकार्बन तर त्याहून चिवट. त्यांत कार्बनचे अणू बहुधा विषम संख्येत, २७, २९, ३१ असे असतात. गाळ खोल गाडला जाऊन तापला, की ही विषमता पुसट होत जाते; त्यावरून तो किती शिजला हे कळते. असा शिजलेला गाळच पुढे तेल देतो. पनवेलच्या शेजारी उरणला ज्या बॉम्बे हायचे तेल येते, ते क्षेत्र १९७४ साली सापडले. तिथल्या तेलाचा मुख्य उगम पन्ना या खडकथरात मानला जातो. पाच कोटी वर्षांहून जुना हा थर काही अंशी किनाऱ्यालगतच्या दलदलीत साचला. पानांवरच्या त्या मेणाची खूण तेलातही उरते: ते मेणचट आहे.