.४५०/४०० नायट्रो एक्सप्रेस : एका मवाळ काडतुसाचा मागोवा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश कारखानदारांनी मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी जी काडतुसे घडवली, त्यांपैकी .४७० नायट्रो एक्सप्रेस किंवा .४१६ रिग्बी ही नावे शिकारकथांच्या वाचकाला आजही परिचित आहेत; .४५०/४०० हे नाव मात्र जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे उरलेले नाही. भारतातील जंगलांच्या मोजमापाने पाहिले, तर हा क्रम उलटा असायला हवा होता. तो तसा झाला नाही याचे एक कारण असे की, जड रायफलींविषयीचे बहुतेक लेखन आफ्रिकेतील हत्ती समोर ठेवून झाले, आणि हत्तीच्या तराजूत हे काडतूस नेहमीच थोडे हलके भरले.

नावातील दोन आकड्यांपैकी पहिला मूळ पुंगळीचा, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणाऱ्या पितळी नळकांड्याचा आहे; .४५० इंच व्यासाच्या गोळीसाठी बनलेल्या या पुंगळीचे तोंड आवळून तीत नाममात्र .४०० इंचाची गोळी बसवली गेली. प्रत्यक्षात गोळीचा व्यास सुमारे .४१ इंच असतो, कारण नळीच्या आतील पेचदार खाचा सोडून उरलेल्या उंचवट्यांमधील अंतरावरून नाव देण्याची ब्रिटिश रीत होती. ‘एक्सप्रेस’ हे विशेषण काळ्या दारूच्या काळात हलकी गोळी आणि भरपूर दारू वापरून वेग साधणाऱ्या रायफलींना लागले, तर ‘नायट्रो’ हा शब्द नायट्रोग्लिसरीनयुक्त, धूर न करणाऱ्या नव्या दारूचा निदर्शक आहे. १८८९ मध्ये सिद्ध झालेली कॉर्डाइट ही ब्रिटिशांची अशी दारू असून ती शेवयांसारख्या लांब काड्यांच्या रूपात पुंगळीत भरली जाई.

काळ्या दारूचे .४५०/४०० काडतूस १८८० च्या दशकापासून वापरात होते आणि कॉर्डाइट आल्यावर त्याच सव्वातीन इंच लांबीच्या पुंगळीत ती भरण्यात आली. येथे अडचण उभी राहिली. बार उडताना वायूच्या दाबाने पितळ फुगून नळीच्या मागील कोठडीच्या, म्हणजे चेंबरच्या, भिंतींना घट्ट चिकटते आणि दाब उतरल्यावर सैल पडते; परंतु लांब, निमुळत्या आणि पातळ मानेच्या पुंगळीला ही सैलाई नेहमीच नीट साधत नसे, शिवाय उन्हात तापलेल्या कॉर्डाइटचा दाब अपेक्षेहून अधिक चढे. जखमी जनावर समोर असताना रिकामी पुंगळी नळीत अडकून बसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. लंडनच्या डब्ल्यू. जे. जेफरी या कारखान्याने १९०२ च्या सुमारास यावर उपाय म्हणून तीन इंची, बुडाशी जाड कड असलेली पुंगळी आणली, आणि या मागोव्यात ‘.४५०/४००’ म्हणून प्रामुख्याने तिचाच विचार केला आहे.

यानंतर पाच-एक वर्षांतच सरकारी धोरणाने या काडतुसाला नकळत हात दिला. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा व्यास .४५० इंच असल्याने त्याच व्यासाची शिकारी सामग्री बंडखोरांच्या हाती पडेल, या भीतीने १९०७ च्या सुमारास भारत आणि सुदान येथे .४५० व्यासाच्या रायफलींवर बंदी घालण्यात आली. कारखानदारांनी पळवाट म्हणून .४६५, .४७०, .४७५, .४७६ असे शेजारशेजारचे व्यास काढले. आज कौतुकाने सांगितल्या जाणाऱ्या या वैविध्याचे मूळ बॅलिस्टिक्समध्ये, म्हणजे गोळीच्या गतीच्या शास्त्रात, नसून कलकत्त्याच्या कारकुनी नियमात आहे. .४५०/४०० च्या गोळीचा व्यास मुळातच वेगळा असल्यामुळे त्याला नवे रूप घ्यावे लागले नाही.

या काडतुसातून ४०० ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम वजनाची, गोळी सेकंदाला २१०० ते २१५० फूट वेगाने सुटते आणि नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा सुमारे ४००० फूट-पाउंड भरते. .४७० ची ५०० ग्रेनची गोळी जवळपास त्याच वेगाने ५१०० फूट-पाउंड देते. या एका आकड्यावरून बहुतेकांनी निकाल लावून टाकला. वस्तुतः गोळी किती खोल शिरेल हे तिची बनावट आणि वेग यांखेरीज वजन व व्यास यांच्या प्रमाणावरही अवलंबून असते, आणि वजनाला व्यासाच्या वर्गाने भागून काढल्या जाणाऱ्या या छेदघनतेत .४५०/४०० चा आकडा (सुमारे .३४) .४७० च्या आकड्याहून (सुमारे .३२) सरस आहे. संपूर्ण धातूचे कवच असलेली ‘सॉलिड’ गोळी वापरली, तर गव्याच्या खांद्याची जाड हाडे भेदण्यास ती पुरेशी होती, आणि शिशाचे टोक उघडे ठेवलेली, आत शिरल्यावर पसरणारी ‘सॉफ्ट-नोज’ गोळी वाघासाठी पुरून उरत होती. धक्क्याचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा मानावा लागेल: साडेचार किलोच्या आसपासच्या दुनळी रायफलीतून सुटणाऱ्या या काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्का .४७० च्या मानाने स्पष्टपणे कमी असतो, त्यामुळे पहिला बार काढताना माणूस दचकत नाही आणि दुसरा नेम लवकर धरता येतो. कमी दाब, उन्हाळ्यात सहज सुटणारी पुंगळी आणि पकड देणारी कड हे गुण मे महिन्यात, पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसणाऱ्याला कागदावरील हजार फूट-पाउंडांहून अधिक उपयोगाचे होते. नरभक्षकांचा शिकारी आणि लेखक जिम कॉर्बेट हलक्या .२७५ रिग्बीबरोबर जेफरीची दुनळी .४५०/४०० बाळगत असे, आणि १९३८ मध्ये ठाक गावच्या नरभक्षक वाघिणीसाठी त्याने ही जड रायफलच वापरली.

आफ्रिकेतून आलेले आक्षेप खोटे नव्हते. जॉन टेलर या अनुभवी शिकाऱ्याने १९४८ च्या आपल्या ग्रंथात गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांच्या गुणाकारावर आधारलेले एक मूल्य सुचवले. मेंदू थोडक्यात हुकलेली गोळी हत्तीला कितपत सुन्न करील, हे त्यातून अजमावायचे होते. या हिशेबात .४५०/४०० ला सुमारे ५०, तर .४७० ला ७० हून अधिक गुण पडतात. टेलरचे स्वतःचे मत या काडतुसाविषयी चांगले होते, तरीही दाट झुडपात अंगावर येणाऱ्या हत्तीपुढे या फरकाला अर्थ आहे, हे मान्य करावे लागते.

खरा घाव मात्र बोल्ट-रायफलींनी घातला. सरकत्या दांड्याने पुंगळी बाहेर काढून पेटीतील पुढचे काडतूस आत ढकलणाऱ्या या रायफली दुनळीच्या मानाने कितीतरी स्वस्त होत्या, आणि बाहेर आलेली कड पेटीत एकमेकींत अडकत असल्याने .४५०/४०० त्यांना सोयीचे नव्हते. १९०५ च्या सुमारास खुद्द जेफरीनेच तेवढ्याच वजनाची गोळी तेवढ्याच वेगाने सोडणारे, बाहेर आलेली कड नसलेले .४०४ काढून आपल्या आधीच्या मालाशी स्पर्धा केली. १९१२ मध्ये आलेल्या हॉलंड अँड हॉलंडच्या .३७५ मॅग्नमने तर जवळपास तीच ऊर्जा अधिक वेगवान गोळीत देऊन दूरवरच्या नेमाचा प्रश्नही सोडवला; दोनशे यार्डांवर .४५०/४०० ची गोळी जेवढी खाली येते, तेवढी .३७५ ची येत नाही.

दुनळीशी बांधले जाण्याची किंमत उशिरा, परंतु जबर मोजावी लागली. दोन नळ्या एकमेकींना जोडताना, दोहोंच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर पुन्हापुन्हा बार काढून त्यांची तोंडे जुळवतो, आणि ही जुळणी एका विशिष्ट काडतुसाच्या वेगावर बेतलेली असते. वेग वाढला, तर धक्क्याने रायफल वळण्याआधीच गोळी सुटून दोन नेम एकमेकांना छेदतात. घटला, तर ते फाकतात. त्यामुळे १९७० च्या आसपास किनॉक या काडतुसांच्या मुख्य कारखान्याचे उत्पादन थांबले, तेव्हा जुन्या रायफलींचा नेमच त्यांच्यापासून हिरावला गेला. सव्वातीन इंची प्रकारात तर निराळाच धोका होता, कारण काळ्या दारूसाठी बनलेल्या नळीत बाह्यतः तशाच मापाचे कॉर्डाइटचे काडतूस सहज बसे, ते पेलण्याची ताकद त्या नळीत असो वा नसो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या काडतुसाचे मूळ प्रयोजनच संपले, आणि ते संपणे गरजेचे होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हॉर्नडी या अमेरिकी कंपनीने तीन इंची काडतूस पुन्हा कारखान्यात बनवायला घेतले, आणि नवी दारू अधिक वेग देऊ शकत असतानाही तो २०५० फुटांच्या आसपासच ठेवला, जेणेकरून जुन्या दुनळ्यांची जुळणी बिघडू नये. या काडतुसासाठी रुगर कंपनीने एकनळी रायफलही काढली. सव्वातीन इंचीच्या मालकांना मात्र आजही छोट्या उत्पादकांवर विसंबावे लागते, आणि बार काढण्यापूर्वी नळीवरील चाचणीचे ठसे वाचून ती कोणत्या दारूसाठी तपासली गेली होती, हे आधी पाहावे लागते.