न चाखता घातलेले मीठ

असरची नमाज झाली की रोजादार घरातल्या स्वयंपाकघरात धांदल उडते. एका शेगडीवर डाळ-गोश्त, दुसरीवर भज्यांचे तेल, ओट्यावर कापलेले कलिंगड. आणि या सगळ्यात एक जुनी अडचण असते, मिठाची. पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेल्या बाईला पातेल्यात मीठ कमी पडले की जास्त, हे चाखून बघता येत नाही. गरजच असेल तर जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकून टाकावे, घशाखाली जाऊ देऊ नये, एवढी मुभा उलेमा देतात. तरी पुष्कळ जणी ती घेत नाहीत. हाताच्या अंदाजावर भागवतात, नाहीतर रोजा नसलेल्या लहान पोराला हाक मारतात. ते पोर महिनाभर घरातल्या मिठाचा परीक्षक असते आणि त्याचा भाव खातही असते.

डाळीचे निभावते. खारट झाली तर पाणी वाढवता येते. पण गोडातच मीठ घालायचे असेल तर? अलीकडे इफ्तारच्या दस्तरखानावर आणि ईदला शेजारी पाठवायच्या डब्यांत एक नवा पदार्थ दिसू लागला आहे. बी काढलेल्या खजुरात शेंगदाण्याचे बटर भरायचे, तो चॉकलेटात बुडवायचा आणि वरून मिठाचे चार कण पेरायचे. खजूर आपला, शेंगदाणे आपले, बाकी कल्पना परक्या मुलखातून आलेली. चॉकलेट आणि पीनट बटर यांची सोयरीक अमेरिकेतली. पेनसिल्वेनिया राज्यातल्या हर्शी गावात एच. बी. रीस यांनी 1928 मध्ये पीनट बटर भरलेल्या चॉकलेटच्या वाट्या विकायला काढल्या आणि त्या आजही जगभर खपतात. गोडावर मीठ दिसू द्यायची फॅशन पुढे फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्याकडून आली. तिथे लोणीच खारवलेले खातात. आंरी ल रू नावाच्या मिठाईवाल्याने 1977 मध्ये त्या लोण्याचे, सुक्या मेव्याचा चुरा घातलेले कॅरॅमल केले, ते गाजले आणि खारट-गोडाची चव बड्या शहरांतल्या मिठाईच्या दुकानांत शिरली.

अर्थात गोड आणि खारट शेजारी बसवायला आपल्याकडे कुणाला शिकवावे लागले नाही. शिऱ्यात चिमूटभर मीठ घालणाऱ्या आज्या प्रत्येक आळीत आहेत. दाऊदी बोहरा घरांत एका थाळाभोवती सगळे बसले की आधी चिमूटभर मीठ जिभेला लावतात. मग मिठास येते, मग खारास, मग पुन्हा गोड. त्यांना हा चॉकलेटचा खजूर दाखवला तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

आता कृतीकडे. तीस खजुरांना 200 ग्रॅम शेंगदाणे आणि पाव किलो चॉकलेट पुरते. दाणे मंद आचेवर, आतपर्यंत भाजले जातील असे भाजावेत. बाहेरून डागाळले आणि आतून कच्चे राहिले तर बटरला हिरवट वास येतो. गार झाल्यावर चोळून, पाखडून सालं काढावीत आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवावेत. आधी कूट होते, मग त्याचा गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटतो. इथे बहुतेक जणी घाबरतात आणि तेल नाहीतर पाणी ओततात. दोन्ही नको. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेलच असते, फक्त ते सुटायला वेळ लागतो. मिक्सर थांबवत, कडा खाली ओढत, पाच-सात मिनिटे दम धरला की गोळा आपोआप सैल होतो आणि चकाकू लागतो. त्यात पाव छोटा चमचा बारीक मीठ घालायचे, तेही सपाट मोजून. हे मीठ चवीपुरते. खरी जबाबदारी वरच्या मिठाची.

खजूर निवडताना भावापेक्षा अंगलोट बघावी. किमिया खायला सुरेख, पण इतका मऊ की भरताना हातातच विरघळतो. मेडजूल मोठा आणि भरायला सोपा, मात्र तीस मेडजूल म्हणजे खिशाला कात्री. मधला मार्ग कलमीचा. धुतले असतील तर पंख्याखाली पसरून पूर्ण कोरडे करावेत, कारण यापुढे पाणी हा शत्रू. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे दोन थेंब पडले तरी ते एकदम घट्ट, रवाळ होऊन बसते आणि पुन्हा सैल होत नाही. चॉकलेटचे भांडे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवताना त्याची वाफ आत जाते, तीही चालत नाही.

बाजारात 'होममेड चॉकलेट'साठी मिळते ती स्लॅब बहुधा कंपाउंडची असते. मागची बारीक अक्षरे वाचावीत. घटकांत कोको बटर असेल तर ते खरे चॉकलेट, त्याच्या जागी पामसारखे वनस्पती तेल असेल तर कंपाउंड. कंपाउंड वितळवा, बुडवा, झाले. खऱ्या चॉकलेटाचे नखरे असतात. गडद चॉकलेट 45 अंशांपर्यंत वितळवायचे, ढवळत ढवळत 27-28 पर्यंत उतरवायचे आणि पुन्हा 31-32 वर आणायचे, तरच त्यावर चमक येते आणि मोडताना टचकन आवाज होतो. नाहीतर दुसऱ्या दिवशी पांढुरके डाग पडतात. ते बुरशीचे नसतात, वर आलेल्या कोको बटरचे असतात, खायला काही धोका नाही. पण ईदच्या डब्यात ते कोण समजावून सांगणार? पहिल्यांदा करणाऱ्यांनी सरळ गडद कंपाउंड घ्यावे. दुधाचे चॉकलेट मात्र टाळावे. खजूर गोड, वर तेही गोड, मग बिचारे मीठ एकटे काय करणार?

पाकिटावरचा हिरवा ठिपका जिलेटीनची काळजी मिटवतो. दारूच्या स्वादाबद्दल तो काही सांगत नाही. रम किंवा लिक्युअर भरलेली चॉकलेटेही असतात, म्हणून घटक वाचायचेच.

आता मीठ. मीठ पाण्यात विरघळते, तेला-तुपात नाही. चॉकलेट हे स्निग्ध, त्यामुळे वर पडलेला कण जसाच्या तसा राहतो आणि जिभेवर ओल लागली की मग सुटतो. तोच कण चिकट, ओलसर खजुरावर टाकला असता तर तासाभरात नाहीसा झाला असता. म्हणूनच मीठ सगळ्यात वर. आणि रोजादार बाईची सोयही त्यातच आहे. पातेल्यात विरघळलेले मीठ दिसत नाही, हे दिसते. चाखता येत नसले तरी मोजता येते. एका खजुराला तीन किंवा चार पापुद्रे, बास.

हे पापुद्र्यांचे मीठ बाहेरून आणले तर महाग पडते. घरी करता येते, आणि करण्यात मजा आहे. एक लिटर पाण्यात 300 ग्रॅम खडे मीठ विरघळवून फडक्यातून गाळायचे. पसरट भांड्यात, अगदी बारीक आचेवर ठेवायचे. उकळू द्यायचे नाही, ढवळायचे नाही, भांडे हलवायचेही नाही. पाणी आटत आले की पृष्ठभागावर चौकोनी, आतून पोकळ, उलट्या मनोऱ्यासारखे नाजूक स्फटिक तरंगू लागतात. ते झाऱ्याने अलगद उचलून कागदावर वाळवायचे. घाईने आच वाढवली की तेच मीठ बारीक रेतीसारखे तळाशी बसते. उरण-पेण किंवा वसई-पालघरच्या मिठागरांत हे काम ऊन करते, घरी शेगडीला तेवढा संयम ठेवावा लागतो. सहरीनंतर झोप येत नसेल तर करण्यासारखे काम आहे.

पेरण्याची वेळ साधावी लागते. बुडवून काढलेला खजूर बटर पेपरवर ठेवल्यावर लगेच मीठ टाकले तर ते आत बुडते. चॉकलेट घट्ट झाल्यावर टाकले तर घरंगळून खाली जाते. वरची ओली चकाकी जरा मंदावली की टाकायचे. खजूर फ्रिजमधून काढून बुडवले तर ही वेळ हाती लागतच नाही, चॉकलेट क्षणात आवळते. तयार खजूरही फ्रिजमध्ये उघडे ठेवू नयेत. बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटतो आणि सगळे मीठ रडून जाते. हवाबंद डबा, थंड कोपरा, आणि आठवडाभरात फस्त.

थंड कोपऱ्याचे म्हणाल तर दिवस अनुकूल आहेत. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळते. 2018 मध्ये रमजान ऐन मे महिन्यात सुरू झाला होता, तेव्हा हा उद्योग कुणी केला असता तर ताटात चिखल झाला असता. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2026 मध्ये तो फेब्रुवारीवर आला. 2030 साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. चॉकलेटवाल्यांची चंगळ आहे.

डबा शेजारी द्यायचा तर झाकणावर 'शेंगदाणे आहेत' एवढे लिहावे. काहींना दाण्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. दुसरा प्रश्न खास आपल्या गावांतला. रमजानही चांद्र महिना आणि एकादशी-चतुर्थीही चंद्राच्याच हिशेबाच्या. त्यामुळे रमजानच्या महिन्यात एक संकष्टी आणि दोन एकादश्या येतातच, आणि डबा हातात घेताना शेजारच्या काकू विचारतातच, "हे उपासाला चालेल का गं?" खजूर चालतो, शेंगदाणे तर उपासाचा कणा. मीठ सैंधव हवे. चॉकलेटवर मात्र काकूंच्याच घरात दोन मते निघतात, त्यात शेजाऱ्यांनी पडू नये. सैंधवाचा खडा खलबत्त्यात जाडसर ठेचला तर गुलाबी कण चॉकलेटवर पांढऱ्या मिठापेक्षा जास्त खुलतात. तेवढे दहा खजूर वेगळ्या डब्यात भरावेत.

मगरीबची अजान होते. रोजा साध्या खजुराने आणि पाण्यानेच सुटतो. चॉकलेटच्या खजुराची पाळी तरावीहनंतर, चहाबरोबर येते. तोपर्यंत घरातल्या परीक्षकाने ताटातले तीन-चार कमी केलेले असतात आणि मीठ बरोबर आहे असे तो तोंड भरलेले असतानाच सांगतो. करणारी मग पहिल्यांदा एक उचलून चावते.