बुचाच्या कापातला ‘सेल’

जीवशास्त्राच्या तासाला सेल म्हणजे पेशी, पुढच्याच तासाला विद्युत घट, खिशातला फोन सेल्युलर आणि इतिहासात अंदमानचं सेल्युलर जेल. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हा घोळ हमखास छळतो. लॅटिन ‘सेला’ म्हणजे छोटी खोली, हे कळलं की निम्मा गुंता सुटतो. अंदमानात प्रत्येक कैदी एकेकट्या कोठडीत, म्हणून तुरुंगाचं नाव तसं. १९११ मध्ये सावरकरांना तिथेच डांबलं गेलं.

पेशीला हे नाव दिलं रॉबर्ट हूकने. धार लावलेल्या चाकूने त्याने बुचाचा अगदी पातळ काप काढला. काप पांढुरका, म्हणून तो काळ्या पट्टीवर ठेवला आणि भिंगातून त्यावर उजेड पाडला. सूक्ष्मदर्शकातून दिसली मधाच्या पोळ्यासारखी, पण वेडीवाकडी छिद्रं. गडी तेवढ्यावर थांबला नाही. इंचाच्या अठराव्या भागात त्याने साधारण ६० खोल्या मोजल्या आणि घन इंचाचा हिशेब मांडला: १,२५,९७,१२,०००! १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या त्याच्या पुस्तकात हे सगळं छापलेलं आहे.

‘सेल’ हे नाव देताना त्याला मठातल्या साधूंच्या खोल्या आठवल्या, ही नेहमी सांगितली जाणारी गोष्ट मात्र त्या वर्णनात कुठेच नाही. ‘हूकला फक्त मेलेल्या पेशींच्या भिंती दिसल्या’ हेही अर्धसत्यच. ओल्या वनस्पतींतल्या खोल्या रसाने भरलेल्या असतात, असं त्याने त्याच प्रकरणात नोंदवलंय. न्यूटनशी वैर पत्करलेल्या या माणसाचं एकही खात्रीचं चित्र आज उपलब्ध नाही. निदान त्याचं निरीक्षण तरी पूर्ण सांगावं.

विद्युत घटातली खोली बघायची असेल तर इन्व्हर्टरची बॅटरी बघा. डिस्टिल्ड वॉटर घालायची सहा झाकणं म्हणजे आत सहा कप्पे, प्रत्येकाचे साधारण २ व्होल्ट, म्हणून बॅटरी १२ व्होल्टची. टॉर्चचा सेल हा असा एकच कप्पा.

फोनचं प्रकरण सगळ्यांत सुंदर. १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये डग्लस रिंगने भूप्रदेशाचे छोटे षटकोनी तुकडे, म्हणजेच सेल, कल्पिले. शेजारच्या तुकड्यांत लहरी वेगवेगळ्या, पण दूरच्या तुकड्यात त्याच लहरी पुन्हा वापरायच्या. मोजक्या लहरींत अख्ख्या शहराचं बोलणं मावतं ते यामुळे. म्हणजे फोन सेल्युलर नाहीच. सेल्युलर आहे तो नकाशा.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी पेशीचा धडा घेताना हूकचं ते मूळ प्रकरण एकदा वाचावं. अवघी काही पानं आहेत आणि इंटरनेटवर फुकट मिळतात.