संगणकाशी गणिताच्या भाषेत

बडोद्याच्या पश्चिमेचे गोत्री हे एके काळचे खेडे आज शहरात सामावून गेले आहे. तेथून सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र विद्याशाखेत जाणारा विद्यार्थी १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनाचा वारसदार ठरतो. तंत्रविद्या देशी भाषांतून शिकविता आली पाहिजे, हा कलाभवनाचे प्रवर्तक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे आज जी अडचण उभी राहते तीही भाषेचीच, पण निराळ्या जातीची आहे.

सी किंवा जावा या भाषांत तो जे शिकलेला असतो ते आज्ञांचे शास्त्र होय. स्मृतीतील एका खणात अंक ठेवावा, तो पुसावा, दुसरा लिहावा. ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ हे विधान शाळेतील बीजगणिताच्या वर्गात हास्यास्पद ठरले असते. पहिल्या वर्षातच तो ते निमूटपणे गिळतो. फंक्शनल प्रोग्रामिंग, म्हणजे फलनांवर उभारलेली आज्ञावली, हा घास परत काढावयास लावते. येथे नावाला एकदा दिलेले मूल्य बदलत नाही, आणि तेच फलन त्याच मूल्यास लावले असता उत्तर नेहमी तेच येते.

या विचाराचे मूळ अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा-गणितात आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्प भाषेचे काम आरंभिले, आणि १९९० साली हास्केल अवतरली. तिला तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचे नाव दिले गेले. अनेक मूल्ये घेणारे फलन एकेक मूल्य घेणाऱ्या फलनांत मोडण्याच्या युक्तीसही करींचेच नाव चिकटले आहे. वस्तुतः शॉनफिंकेल यांनी ती आधीच, १९२४ साली, प्रसिद्ध केली होती. शास्त्रातही मान नेहमी योग्य दारी जातोच असे नाही.

प्रगत तंत्रांपैकी ‘फोल्ड’ हे विशेष मननीय आहे. समजा, गोत्रीतील एका गृहसंस्थेत चारशे बिऱ्हाडांच्या पाणीवापराचे आकडे आहेत. फोल्डला शून्य हे आरंभमूल्य आणि बेरीज ही क्रिया दिली की एकूण वापर मिळतो. बेरजेच्या जागी ‘दोहोंतील मोठा’ ही क्रिया ठेवली की सर्वाधिक वापर मिळतो, सांगाडा तोच. आता हे काम चार प्रक्रियकांना शंभर-शंभर वाटून देता येईल काय? बेरीज असेल तर खुशाल द्यावे, कारण कंस कोठेही घातले तरी तिचे उत्तर ढळत नाही. वजाबाकीचे तसे नाही. दहातून पाच आणि मग दोन वजा केल्यास तीन उरतात, पण पाचातून दोन आधी वजा करून ते दहातून काढल्यास सात. शाळेत घोकलेला साहचर्याचा नियम येथे एकाएकी कामाला येतो. शिवाय कोणीच कोणाचा खण पुसत नसल्यामुळे चौघांत तंटाही होत नाही. गूगलने २००४ साली वर्णिलेल्या ‘मॅपरिड्यूस’ पद्धतीची प्रेरणा लिस्पमधील अशाच क्रियांत होती.

विद्यार्थी खरा अडखळतो तो ‘मोनॅड’पाशी. ग्राहकाचे नाव शोधावे, त्यावरून मीटर, मीटरवरून नोंद. यांपैकी कोणतीही गोष्ट गहाळ असू शकते. प्रत्येक पायरीवर ‘सापडले काय’ ही चौकशी लिहीत बसल्यास मूळ हेतूच झाकून जातो. मोनॅड ही चौकशी पायऱ्यांच्या सांध्यात एकदाच बसवितो. युजेनियो मोजी यांनी १९८९ साली दाखविलेली ही कल्पना फिलिप वॅडलर यांनी पुढे आज्ञावलीकारांच्या हाती दिली. तिचा आरंभ अमूर्त व्याख्येने करणे हे अध्यापनाचे दुर्दैव होय. त्या कंटाळवाण्या चौकश्या विद्यार्थ्याने आधी दहा वेळा स्वहस्ते लिहाव्यात, म्हणजे सांध्याची गरज त्यालाच भासेल.

या मार्गात खर्चही आहे. हास्केल मूल्य लागेपर्यंत ते काढीतच नाही. त्यामुळे अनंत मूळसंख्यांची यादी लिहिता येते खरी, पण स्मृती किती खर्ची पडेल याचा अंदाज अनुभवी माणसालाही चकवितो. मात्र ही विद्या पोटापाण्याची नव्हे, हा समज खरा नाही. एरिक्सन कंपनीत टेलिफोन यंत्रणांसाठी जन्मलेल्या एर्लांग या फलनप्रधान भाषेवरच व्हॉट्सअ‍ॅपची सेवा उभारली गेली.

हास्केलवरील माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश या चेन्नईच्या अध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर प्रसिद्ध झाली असल्याने, गोत्रीत घरबसल्याही आरंभ करता येतो. पहिला अभ्यास कागदावरच करावा: यादी दोनदा उलटली की मूळ यादी परत येते, हे गणिती विगमनाने सिद्ध करावे. सरळ गेल्यास सिद्धता मध्येच अडते. दोन याद्या जोडून उलटणे म्हणजे दुसरी उलटून तिच्यामागे पहिली उलटून जोडणे, हे आधी सिद्ध करावे लागते.